भावाशी अबोला, आणि निमित्त सरकारचं

पत्र

‘माझं वय ५२. मोठा भाऊ आरोग्य खात्यात नोकरीला होता, गेल्या वर्षी निवृत्त झाला. कोविड महामारीच्या दुसऱ्या लाटेत आमची आई गेली. ऑक्सिजनचा बेड मिळायला सात तास लागले आणि मिळाला तेव्हा उशीर झाला होता. ते सात तास मी एकटी तिच्याजवळ होते. दादा त्या दिवशी ड्युटीवर होता, रात्री पोहोचला.

तेव्हापासून आम्हा दोघांत हाच एक विषय उरला आहे. मी म्हणते, सरकारं झोपली होती. दादा म्हणतो, जगात सगळीकडे हेच झालं, कुणालाच काही माहीत नव्हतं. मी न्यूझीलंडचं नाव घेतलं की तो स्वीडनचं घेतो. मागच्या महिन्यात भाचीने कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत नाव दिलं. विषय होता, “महामारीत सरकारांनी आपलं काम नीट केलं”. मुद्दे विचारायला ती वही घेऊन आमच्या दोघांसमोर बसली. अर्ध्या तासात दादा मला म्हणाला, “तुला उत्तर नकोय, तुला गुन्हेगार हवाय.” मी म्हणाले, “तू सरकारी माणूस, तू दुसरं काय बोलणार?” भाची वही मिटून उठून गेली. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद आहे.

सरकारला जाब विचारणं चूक आहे का? आणि घर टिकवायचं असेल तर हा विषयच सोडून द्यावा का?’

उत्तर

ताई,

विषय सोडू नका. ज्या काळात घराघरांतून माणसं गेली त्या काळाबद्दल कुणी काही विचारूच नये, हे मला कधीच पटणार नाही. जाब विचारायलाच हवा. पण तुम्ही दोघं ज्या पद्धतीने भांडताय, त्या पद्धतीने आणखी वीस वर्षं भांडलात तरी तसूभर पुढे जाणार नाही. अख्ख्या सरकारला, अख्ख्या काळाचे मिळून एकदाच मार्क द्यायला तुम्ही बसला आहात. तुमच्या मते नापास, दादांच्या मते पास. एवढ्या मोठ्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं.

तुम्ही एकमेकांवर ज्या दोन देशांची नावं फेकता, ती आधी नीट बघू.

न्यूझीलंडचं तुमचं उदाहरण भक्कम आहे. देशात बाधितांचा आकडा शंभराच्या आसपास होता, तेव्हाच, २३ मार्च २०२० ला, पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी संपूर्ण टाळेबंदी जाहीर केली. सरहद्दी त्याआधीच बंद झाल्या होत्या. त्या वर्षी तिथे एरवीपेक्षाही कमी माणसं दगावली. पण चारी बाजूंनी समुद्र असलेला, कमी वस्तीचा देश आहे तो. शिवाय त्यांनी किंमतही मोजली. परदेशात अडकलेल्या स्वतःच्याच नागरिकांना घरी परतण्यासाठी सोडतीत नंबर लागायची वाट बघावी लागली, आणि काही बाबतींत या पद्धतीने नागरिकांच्या हक्कांवर अकारण गदा आली, असा निकाल तिथल्याच उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. पुढे त्यांच्या चौकशी आयोगानेही सांगितलं की एकूण काम चांगलं झालं, पण लससक्तीमुळे काही लोकांचा विश्वास उडाला.

दादांचं स्वीडन घ्या. तिथे टाळेबंदी झाली नाही हे खरं. अँडर्स टेग्नेल हे साथरोगतज्ज्ञ त्या धोरणाचा चेहरा होते. पण २०२० च्या वसंतात स्वीडनमध्ये शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंडपेक्षा कितीतरी जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी वृद्धाश्रमांतली. त्या डिसेंबरमध्ये खुद्द राजे कार्ल गुस्ताफ म्हणाले की आपण अपयशी ठरलो. आणि तरीही तीन वर्षांचा हिशेब एकत्र मांडला तर युरोपात सर्वांत कमी अतिरिक्त (म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेले) मृत्यू असलेल्या देशांत स्वीडन येतो. म्हणजे कोणत्या महिन्यात मोजलं यावर स्वीडन पास की नापास ते ठरतं! तुमच्या दोघांकडेही या देशाचं एकच पान आहे, आणि तेही वेगवेगळं.

तिथल्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष तर मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि माझं पुढचं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे. २०२० च्या डिसेंबरमधल्या पहिल्या अहवालात आयोगाने म्हटलं की वृद्धांच्या देखभालीतल्या त्रुटी साथीने निर्माण केल्या नव्हत्या, त्या आधीपासून होत्या आणि माहीतही होत्या. म्हणून जबाबदारी तेव्हाच्या सरकारची, आणि हे माहीत असूनही काही न करणाऱ्या आधीच्या सरकारांचीही. साथ आली तेव्हाच्या धावपळीत काय झालं याच्याही मागे जाऊन, साथ नव्हती तेव्हा काय झालं नाही, हे त्यांनी विचारलं.

आता तुमच्यापैकी कुणीच न घेतलेलं एक नाव घेते. पेरू. लॅटिन अमेरिकेत सर्वांत आधी आणि सर्वांत कडक टाळेबंदी लावणाऱ्या देशांपैकी हा एक. १६ मार्च २०२० पासून सगळं बंद, रस्त्यावर सैन्य. तुमच्या ‘वेळेवर जागं व्हायला हवं होतं’ या कसोटीवर पेरूला पैकीच्या पैकी मार्क द्यावे लागतील. प्रत्यक्षात लोकसंख्येच्या मानाने जगातले सर्वाधिक मृत्यू झालेल्या देशांत पेरू येतो. कारण काय? बहुसंख्य लोक रोज कमावून रोज खाणारे, काम थांबलं की घरात पैसा नाही. असंख्य घरांत फ्रिज नाही, त्यामुळे आठवड्याचं सामान एकदम भरून ठेवता येत नाही. माणसं बाजारात जाणारच, आणि बाजाराची वेळ कमी केली की सगळी एकाच वेळी जाणार. सरकारने मदतीचे पैसे जाहीर केले, पण अनेकांची बँकेत खातीच नव्हती, तेव्हा बँकांच्या दारात रांगा लागल्या आणि त्या रांगांतही लागण झाली. आदेश वेळेवर निघाला होता. पण तो पाळता येईल अशी घरं, खाती आणि इस्पितळं त्याच्या मागे नव्हती, आणि ती काही पंधरवड्यात उभी राहत नाहीत. त्यात भर म्हणजे, सर्वसामान्यांची पाळी यायच्या आधीच माजी राष्ट्राध्यक्षांसह शेकडो जणांनी गुपचूप लस टोचून घेतल्याचं फेब्रुवारी २०२१ मध्ये उघडकीला आलं.

एवढं बघितल्यावर ‘सरकारने नीट केलं का’ हा प्रश्न हातात धरवत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात. माझी सूचना आहे की प्रत्येक तुकड्याला एक तारीख जोडा. त्या तारखेला काय माहीत होतं? करता येण्यासारखं काय होतं? आणि चूक कळल्यावर ती सुधारायला किती दिवस लागले?

तारखेचा आग्रह का धरते ते सांगते. माझ्याकडे २०२० ची एक वही आहे, त्या वर्षी मी रोज चार ओळी लिहायचे. तुमचं पत्र आल्यावर ती कपाटातून काढली. मार्चच्या एका पानावर माझ्याच अक्षरात आहे, ‘पंधरा दिवसांत निवळेल.’ खाली बाहेरून आणलेल्या वस्तू कोणत्या क्रमाने पुसायच्या याची यादी, दाराच्या कडीपासून किल्ल्यांपर्यंत. मास्कचा उल्लेख नाही. खिडकी उघडी ठेवण्याचाही नाही, आणि हा विषाणू हवेतून पसरतो म्हटल्यावर सगळ्यात आधी खिडकी उघडायला हवी होती. ती वही नसती तर मी आज शपथेवर सांगितलं असतं की मला पहिल्यापासून कळत होतं. आपण सगळेच नंतर कळलेलं मागे नेऊन ठेवतो, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. त्या दिवसांत जागतिक आरोग्य संघटनासुद्धा हा आजार हवेतून पसरत नाही असंच सांगत होती, आणि सर्वसामान्यांनी कापडी मास्क वापरावा असा सल्ला तिने दिला तो ५ जून २०२० ला. तेव्हा मार्चमधल्या प्रत्येक चुकीबद्दल कुणाला फासावर लटकवायचं नाही, हे दादांचं म्हणणं मला मान्य आहे.

पण दादा ‘कुणालाच माहीत नव्हतं’ म्हणतात, तिथेही तारीख विचारा. कधीपर्यंत माहीत नव्हतं? ३० जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली, हा तिच्या तेव्हाच्या नियमांतला सर्वांत वरचा इशारा. त्यानंतरचा अख्खा फेब्रुवारी बहुतेक देशांनी वाट बघण्यात घालवला. न्यूझीलंडच्या माजी पंतप्रधान हेलन क्लार्क आणि लायबेरियाच्या माजी राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सरलीफ यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र समितीने २०२१ मध्ये त्या महिन्याला वाया गेलेला महिना म्हटलं. तैवानने तर ३१ डिसेंबर २०१९ लाच वुहानहून येणाऱ्या विमानांत चढून प्रवासी तपासायला सुरुवात केली होती. आणि ज्या डॉक्टरने वुहानमध्ये डिसेंबर २०१९ च्या शेवटीच आपल्या सहकाऱ्यांना सावध केलं, त्या ली वेनलियांगना पोलिसांनी बोलावून समज दिली. पाच आठवड्यांत तेच या आजाराने गेले. ‘माहीत नव्हतं’ ही सबब तिथे लागू होत नाही, तिथे माहिती दाबली गेली होती.

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येते. माझ्या मते सरकारची खरी परीक्षा धांदलीच्या दिवसात होतच नाही. ती शांत महिन्यांत होते, म्हणजे दोन साथींच्या मधल्या वर्षांत आणि दोन लाटांच्या मधल्या महिन्यांत. पहिल्या लाटेला मी सवलत द्यायला तयार आहे. दुसऱ्या लाटेला नाही.

दक्षिण कोरिया बघा. २०१५ मध्ये तिथे मर्स हा श्वसनाचा साथरोग आला तेव्हा सरकारची पुरती नाचक्की झाली. १८६ जणांना लागण झाली, ३८ गेले, चाचण्या पुरेशा नव्हत्या आणि कोणत्या इस्पितळात रुग्ण आहेत हेही लोकांपासून लपवलं गेलं. साथ ओसरल्यावर त्यांनी कायदे बदलले, संकटकाळात चाचणीच्या किटला झटपट मंजुरी देण्याची सोय केली. २७ जानेवारी २०२० ला, नववर्षाच्या सुटीत, सेऊलच्या रेल्वे स्थानकातल्या एका सभागृहात अधिकाऱ्यांनी वीसेक कंपन्यांच्या लोकांना बोलावून घेतलं. तेव्हा देशात फक्त ४ बाधित होते. त्यांना सांगितलं, चाचणी लगेच हवी, मंजुरी लवकर देऊ. आठवड्याभरात पहिल्या किटला मंजुरी मिळाली. त्या सुटीच्या दिवसाचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण त्याचं बी पाच वर्षं आधी पेरलेलं होतं.

आणि हे ब्रिटन. तिथे ऑक्टोबर २०१६ मध्ये फ्लूची मोठी साथ आली असं समजून तीन दिवसांची रंगीत तालीम झाली, नाव होतं सिग्नस. एवढ्या मोठ्या साथीचा भार पेलायला आपली तयारी अपुरी आहे, असा स्वच्छ निष्कर्ष निघाला. मग ती कागदपत्रं पडून राहिली. २०२४ मध्ये माजी न्यायमूर्ती हॅलेट यांच्या कोविड चौकशीच्या पहिल्या अहवालाने नोंदवलं की देशाने चुकीच्या साथीची तयारी केली होती, सगळा भर फ्लूवर होता. गंमत नाही ही, ताई. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये जगभरातल्या देशांच्या तयारीचा जो निर्देशांक निघाला होता त्यात अमेरिका पहिली आणि ब्रिटन दुसरं होतं. पुढच्या दोन वर्षांत या दोन्ही देशांत काय झालं ते आपण पाहिलं.

तुमच्या आईंच्या सात तासांबद्दल बोलायचं तर याच कसोटीवर बोलावं लागेल. ऑक्सिजन हा काही गूढ विषय नाही. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर वायू असतो. अत्यवस्थ रुग्णाला जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणाऱ्या हाय-फ्लो यंत्रावर ठेवलं तर मिनिटाला ६० लिटरपर्यंत लागतो. म्हणजे एका रुग्णाला एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. हा गुणाकार-भागाकार कुठल्याही आरोग्य खात्याला २०२० च्या मध्यापर्यंत करता येत होता. पेरूमध्ये तेव्हाच लोक सिलिंडर भरून घ्यायला रात्ररात्र रांगेत उभे होते. जानेवारी २०२१ मध्ये ब्राझीलच्या मनाउस शहरात इस्पितळांतला ऑक्सिजन संपला आणि माणसं गुदमरून गेली, ती बातमी जगभर पोहोचली. त्यानंतर जगात कुठेही लाट आली आणि ऑक्सिजन कमी पडला, तर ‘कुणालाच माहीत नव्हतं’ हे वाक्य मी ऐकून घेणार नाही. किती प्लांट मंजूर झाले, किती उभे राहिले, किती चालू झाले, टँकर किती होते, ही माहिती मागणं म्हणजे गुन्हेगार शोधणं नव्हे. तुम्ही मागताय ते रास्त आहे. फक्त ‘सरकार झोपलं होतं’ असं मोघम न म्हणता ‘दोन लाटांच्या मधल्या महिन्यांत ऑक्सिजनचं काय केलं’ असं विचारा. या प्रश्नाला दादांनाही ‘जगात सगळीकडे हेच झालं’ असं उत्तर देता येणार नाही, कारण जगात सगळीकडे हेच झालं नाही.

तुमच्या विरुद्ध जाणारी एक गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं होईल. १९७६ मध्ये अमेरिकेत एका लष्करी तळावर डुकरांच्या फ्लूशी नातं असलेला विषाणू सापडला, एक सैनिक दगावला. १९१८ ची साथ पुन्हा येतेय, अशी भीती तज्ज्ञांनी घातली. राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी वाट न बघता सगळ्या देशाला लस द्यायचं ठरवलं. चार कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली. साथ आलीच नाही. उलट लस घेतलेल्यांपैकी थोड्या जणांना, साधारण लाखात एकाला, गियाँ-बारे हा नसांचा आजार झाला आणि डिसेंबरमध्ये मोहीम गुंडाळावी लागली. रोगनियंत्रण केंद्राच्या प्रमुखांचं पद गेलं. तुमच्या कसोटीने बघाल तर त्या माणसांनी सगळं योग्य केलं, वेळेवर जागे झाले. तरी त्यांच्या वाट्याला थट्टा आली. सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाला हे आठवत असतं. घाई केली आणि साथ आली नाही तर हसं होतं, वाट बघितली आणि साथ आली तर मढी मोजावी लागतात, आणि दोन्हीतलं कुठलं होणार हे ज्या दिवशी सही करायची त्या दिवशी कळत नाही. दादा त्या व्यवस्थेत आयुष्यभर राहिलेत. त्यांच्या बोलण्यात ही भीती असेल तर ती खोटी नाही.

आकड्यांवरून भांडण झालं असेलच, म्हणून थोडक्यात. सरकारी नोंदीतले मृत्यू एकमेकांशी ताडून कोण पुढे कोण मागे हे ठरवू नका, कारण जो देश चाचण्याच करत नाही त्याचे आकडे देखणे दिसतात. एरवी जेवढी माणसं गेली असती त्याहून किती जास्त गेली, ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मे २०२२ मधल्या अंदाजाप्रमाणे २०२० आणि २०२१ मिळून असे अतिरिक्त मृत्यू सुमारे १ कोटी ४९ लाख होते, तर सरकारी नोंदींची बेरीज ५४ लाखांच्या आसपास होती. भारत सरकारने या हिशेबाच्या पद्धतीला उघड हरकत घेतली, तो वाद वेगळा. पण पेरूने मे २०२१ च्या शेवटी स्वतःहून नोंदी तपासल्या आणि मृतांचा आकडा ६९,३४२ वरून १,८०,७६४ केला. अडीचपटीहून जास्त. ज्या सरकारला मी एवढी नावं ठेवली त्याच देशाचं हे काम मला धैर्याचं वाटतं. गेलेल्या माणसाची नोंद होणं ही त्याच्या घरच्यांसाठी साधी गोष्ट नसते, हे तुम्हाला मी काय सांगू.

विश्वासाचा मुद्दा भाचीच्या कामाचा आहे. १७७ देशांचा एक अभ्यास २०२२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. कागदावरची तयारी आणि प्रत्यक्ष लागण यांचा फारसा मेळ दिसला नाही. मेळ दिसला तो लोकांच्या सरकारवरच्या आणि एकमेकांवरच्या विश्वासाशी. ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना त्यांच्याच सरकारचे टाळेबंदीचे नियम मोडल्याबद्दल एप्रिल २०२२ मध्ये दंड झाला. त्या नियमांमुळे ज्यांना आपल्या माणसाच्या अंत्यविधीला जाता आलं नव्हतं, त्यांना ती बातमी वाचून काय वाटलं असेल? असा विश्वास एकदा गेला की पुढच्या साथीत कितीही चांगला आदेश काढा, लोक ऐकत नाहीत.

नॉर्वेचं एक उदाहरण मला फार आवडतं, तेही भाचीला द्या. तिथल्या आयोगाने एकूण काम चांगलं झालं असा निर्वाळा दिला, आणि तरीही नोंदवलं की १२ मार्च २०२० चा निर्बंधांचा निर्णय आरोग्य संचालनालयाने नव्हे, सरकारने घ्यायला हवा होता. निर्णय बरोबर होता, पण तो घेण्याचा अधिकार ज्यांचा होता त्यांनी तो घेतला नाही. काम चांगलं झालं तरीही जाब विचारता येतो, आणि जाब विचारला म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. दादा तुम्हाला जे म्हणाले त्याचं उत्तर मला यात दिसतं.

आता दादांबद्दल. तुम्ही ‘सरकार’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर मंत्री येत असतील. दादांना मात्र स्वतःचं टेबल दिसत असेल. त्या काळात आरोग्य खात्यातली माणसं घरी झोपायला गेली नाहीत, कित्येक परत आलीच नाहीत. अशा माणसाला ‘तू सरकारी माणूस’ म्हटलं की ते शिवीसारखं लागतं. आणि जास्त आत कुठेतरी, आई गेली तेव्हा मी दुसऱ्यांच्या माणसांसाठी राबत होतो, हेही त्यांना टोचत असेल. मी त्यांच्या मनात शिरलेली नाही, पण ‘जगात सगळीकडे हेच झालं’ हे वाक्य वादात जिंकण्यासाठी म्हटलेलं मला वाटत नाही. ते स्वतःला समजावण्यासाठीही असू शकतं.

तुमच्याही मनातला एक प्रश्न वेगळा काढून ठेवा, ताई. ‘वेळेवर ऑक्सिजन मिळाला असता तर आई वाचली असती का?’ जगातला कुठलाही आयोग याचं उत्तर देऊ शकत नाही. आयोग सांगेल की अमुक इतके प्लांट वेळेवर उभे राहिले असते तर अमुक इतके जीव वाचण्याची शक्यता होती. त्यात तुमची आई होती का, हे कुणी सांगणार नाही. तुम्ही हे उत्तर दादांकडून मागताय, आणि त्यांच्याकडे ते नाही. सरकारवरचा वाद चालू ठेवा, पण हा प्रश्न त्या वादात घालू नका. तो दुःखाचा आहे, त्याला दुसरी जागा द्या.

फोन तुम्हीच करा. वयाने ते मोठे आहेत, पण अबोला धरायला लावणारं शेवटचं वाक्य तुमचं होतं. ‘मी तुला सरकारी माणूस म्हणाले ते चुकलं’ एवढंच म्हणा, त्याला ‘पण’ जोडू नका. भेटलात की त्यांना विचारा, पहिली लाट ओसरल्यावर तुझ्या ऑफिसात काय चाललं होतं? काय मागितलं होतं तुम्ही, काय मिळालं, काय नाही मिळालं? आवाजात आरोप येऊ देऊ नका, खरंच ऐकायला बसा. कदाचित त्यांच्याच टेबलावरून मागणीची पत्रं गेली असतील आणि उत्तरं आली नसतील. तसं असेल तर तुम्ही दोघं इतकी वर्षं एकाच बाजूला उभं राहून भांडत होता.

भाचीलाही तिथे बसवा, वही घेऊन. तिला बाजू कुठलीही मिळो, तुम्ही दोघांनी तिला एकेक तारीख द्या. तुम्ही अशी तारीख द्या, जिच्यानंतर सबब चालत नाही. दादांनी अशी द्यावी, जिच्याआधी दोष देता येत नाही. दोन तारखांच्या मध्ये जे महिने येतात, तिचं भाषण तिथे आहे.

आणि एक दिवस, भाची नसताना, दादांना ते सात तास सांगा. किती वाजता निघालात, कुठे कुठे विचारलंत, आई मध्ये काय बोलली. त्यात मंत्री नको, न्यूझीलंड नको. ते त्या दिवशी तिथे नव्हते, आणि इतक्या वर्षांच्या भांडणात हे सगळं त्यांनी तुमच्या तोंडून अजून एकदाही ऐकलेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं.